इन्शाअल्लाह, मंगळवारी नऊला

"नॉर्मलच करू, इन्शाअल्लाह," डॉक्टर वगदी म्हणाले आणि नशवाच्या पोटात गोळा आला. पोटात नऊ महिन्यांचं मूल असताना गोळ्याला जागा कुठून मिळाली, कोण जाणे.

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा हुसाम खुशीत मान डोलावत होता. त्याच्या लेखी विषय मिटला. नशवा मात्र तंट्याच्याच शाळेत गणित शिकवायची. इजिप्तमधल्या या आमच्या गावाचं नावच तंटा, आणि गावाने त्या नावाला कधी बट्टा लावलेला नाही. इन्शाअल्लाह म्हणजे देवाच्या मनात असेल तर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गवंडी 'उद्या येतो, इन्शाअल्लाह' म्हणाला तर सिमेंट भिजवून ठेवू नये, हेही त्याच पोराला ठाऊक असतं. ज्याला तोंडावर नाही म्हणवत नाही, तो देवाच्या नावाने नाही म्हणतो.

"डॉक्टरसाहेब," नशवा म्हणाली, "ते शेवटचं न लावता सांगता का?"

"शेवटचं म्हणजे?"

"इन्शाअल्लाह. ते काढून टाका आणि सांगा, नॉर्मल होईल की नाही?"

हुसामला एकदम खोकला आला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला, आणि देवाला बाहेर बसवून आपण काही करत नाही असं जरा दुखावून सांगितलं. मग सोनोग्राफीचा फोटो तिच्यापुढे सरकवला. नाळेचा एक वेढा बाळाच्या मानेभोवती दिसत होता. बहुतेक वेळा त्याने काही होत नाही, पण बाईंची पहिली खेप, त्यात सय्यद बदवींचा उरूस तोंडावर, रस्ते बंद. काळजी नको असेल तर सरळ सिझर करावं, असं ते म्हणाले.

"कधी?"

"मंगळवारी, सकाळी नऊला. उपाशीपोटी या."

हे वाक्य लोण्यातून सुरी जावी तसं निघालं आणि त्याच्या शेपटाला काहीही नव्हतं. नशवाने ते नेमकं टिपलं. जिना उतरताना ती म्हणाली, या माणसाचं सिझर केव्हाच ठरलंय. हुसाम म्हणाला, अगं, नॉर्मल म्हणाले ना ते. ती म्हणाली, इन्शाअल्लाह म्हणाले.

"मग काय झालं? मी पण म्हणतो."

"तेच तर," नशवा म्हणाली.

हा टोमणा न्हाणीघराच्या कडीवरून होता. ती कडी आतून लावली की उघडताना रुसायची. 'आजच बसवतो नवी, इन्शाअल्लाह' असं हुसाम म्हणाला तेव्हा नशवाला दिवस गेलेले नव्हते. आता दिवस भरत आले आणि कडी होती तिथेच होती.

खरं सांगायचं तर नशवाचा नॉर्मलचाच हट्ट होता असंही नाही. बाळाला धोका असेल तर मला हवं तिथे कापा, मी हूं की चूं करणार नाही, असं ती म्हणायची. पण धोका आहे की नाही हे कुणीतरी सरळ सांगावं, आणि पोट तिचं असल्यामुळे तिला विचारावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. इमारतीत विचारायला जावं तर घरोघरी सिझर. एकीच्या डॉक्टरला परगावी जायचं होतं, एकीच्या वेळी रमजान जवळ आला होता, एकीची हाडं म्हणे अरुंद होती. सगळ्या सुखरूप, पोरं गुटगुटीत. पण ते ठरवलं कुणी, असं विचारलं की सगळ्या जणी चहातली साखर ढवळायला लागायच्या.

घरात सासूबाई होत्या, हज करून आलेल्या म्हणून हज्जा इन्साफ. त्यांची स्वतःची पाचही बाळंतपणं घरात झालेली, त्यातलं एक तर भट्टीत भाकऱ्या असताना. तरी सुनेसाठी त्यांना सिझरच हवं होतं. बाळंतिणीला खाऊ घालायची बदकं त्यांनी मंगळवारची सांगितली होती. तूप, तीळ, अक्रोड घालून उकळायच्या मुघात या बाळंतकाढ्याची पूड कुटून तयार होती. बहीण गावाहून बुधवारी येणार होती. नॉर्मलचं काय खरं, पोर निघायचं नेमकं उरुसाच्या गर्दीत, असं त्या ज्याला त्याला ऐकवायच्या. हुसाम आईजवळ बसला की आईचं बरोबर म्हणायचा आणि बायकोजवळ बसला की बायकोचं. दोघी एकत्र बसल्या की तो गॅलरीत जायचा.

शेवटी नशवाच दमली. तो नाळेचा वेढा डोळ्यांपुढून हलत नव्हता. बाळ जरा कमी हललं की तिचा जीव टांगणीला लागायचा. एका संध्याकाळी ती म्हणाली, ठीक आहे, मंगळवार तर मंगळवार. मग न्हाणीघरात जाऊन ती पोटभर रडली. बाहेर यायला मात्र हुसामला फटीतून चमच्याचा दांडा घालून कडी उचलावी लागली, त्यामुळे त्या रडण्याला काही शोभा राहिली नाही.

इथे सगळं संपायचं. पण सुनेने जेवताना सहज सांगितलं की डॉक्टरांनी मंगळवार सांगितला तेव्हा इन्शाअल्लाह म्हटलंच नव्हतं. हज्जाचा घास हातातच राहिला.

"म्हटलं नाही? माझ्या नातवंडावर सुरी चालवणार, तारीख देणार, वेळ देणार, आणि देवाचं नाव नाही?"

अशा कामाला बरकत नसते, आणि बोलणाऱ्याच्या तोंडून ते वदवून घेतल्याशिवाय आपण सुनेला उंबरा ओलांडू देणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने डॉक्टरांच्या वतीने इन्शाअल्लाह म्हणून टाकलं. हज्जा म्हणाल्या, सुरी तू धरणार आहेस का, मग त्याला दे. त्या पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या. अखेर वैतागलेले डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि मोठ्याने म्हणाले, मंगळवारी नऊ वाजता, इन्शाअल्लाह. हज्जाने फोन ठेवला, समाधानाने हात तोंडावरून फिरवले आणि भात वाढून घेतला.

नशवा नवऱ्याकडे वळली.

"नॉर्मलही इन्शाअल्लाह, सिझरही इन्शाअल्लाह," ती हळूच म्हणाली. "आता हे बाळ आतच राहणार का?"

मंगळवारी सकाळी नशवा अंघोळीला गेली. सवयीने हात कडीवर गेला, आणि खट्कन आवाज झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने कडी उचलून पाहिली. हलेना. हुसामला हाक मारणार तोच पायांवरून कोमट पाणी वाहिलं. नळ तर तिने सोडलाच नव्हता.

बाहेर हुसाम चमचा घेऊन धावला. या खेपेला कडी चमच्यालाही बधली नाही, दांडा वाकून हातात आला. त्याने उस्ता सब्री सुताराला फोन केला. बायको आत अडकली आहे, पाणी गेलं आहे, जीव कंठाशी आला आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. सुतार फार चांगला माणूस. म्हणाला, निघालोच, पाच मिनिटांत पोचतो, इन्शाअल्लाह. हुसामचा चेहरा पडला. दाराआडून नशवाने विचारलं, काय म्हणाला? हुसाम चमच्याचा वाकलेला दांडा सरळ करायला लागला आणि तिला कळलं.

मग पहिली कळ आली. दाराच्या आत एवढी शांतता पसरली की बाहेर कडीवरून जुंपलेलं मायलेकाचं भांडण थांबलं. हुसाम खांद्याने दार फोडायला निघाला. आतून आवाज आला की दार आत उघडतं आणि मी त्याच्या मागे आहे, एवढं लक्षात ठेव. त्या न्हाणीघरात आडवं व्हायलाही जागा नव्हती. हुसाम कपाळ दाराला टेकवून उभा राहिला. माझं चुकलं, असं तो लाकडाला सांगत होता.

"बाजूला हो, रड्या," हज्जा म्हणाल्या. त्यांच्या हातात बकरी ईदचा सत्तूर होता.

सुनेला त्यांनी मागच्या भिंतीला टेकून तोंड फिरवायला सांगितलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि दाराच्या मधल्या फळीवर पहिला घाव घातला. शेजारणी जिन्यात जमल्या. हज्जा घाव घालत होत्या आणि आतून कळ आली की थांबत होत्या. फळी मधोमध उभी चिरली गेली आणि बाई मावेल एवढं भगदाड पडलं, तेव्हा त्यांनी हात आत घालून सुनेला खांद्याला धरून ओढून काढलं. मंगळवारचं ठरलेलं सिझर असं वेळेत पार पडलं, फक्त ते दाराचं झालं.

टॅक्सी मिळाली, पण उरुसाचे तंबू रस्त्यापर्यंत आले होते आणि फुटाणे-हलव्याच्या गाड्यांमधून टॅक्सी मुंगीच्या पावलाने चालली. कळा मात्र धावत होत्या. हुसाम डॉक्टरांना फोन लावत होता. ते रेल्वेच्या पुलावर अडकले होते. पोचतोच आहे, इन्शाअल्लाह, असं म्हणाले.

कळ ओसरताना नशवा हसली. हसता हसता तिला रडू आलं. "आई," ती सासूला म्हणाली, "मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय पोरी," हज्जा म्हणाल्या. सत्तूर अजून त्यांच्या मांडीवरच होता. टॅक्सीवाला आरशातून त्याच्याकडे बघत निमूट चालवत होता.

इस्पितळात पाळीवरची एक तरुण डॉक्टरीण होती, डॉक्टर तरीझ. तिने आधी सत्तूर बाहेर ठेवायला लावला, मग नशवाला तपासलं. बाळाचं डोकं बरंच खाली आलं होतं. शस्त्रक्रियेची खोली तयार होती, माणसं उभी होती.

"नॉर्मल होईल का?" नशवाने विचारलं.

"माहीत नाही."

नशवाने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "काय म्हणालात?"

"माहीत नाही, असं म्हणाले. नाळेचा वेढा आहे. मी ठोके ऐकत राहते. ठीक असतील तर तुम्ही जोर लावा. बिघडले तर मी तुम्हाला तोंडावर सांगेन, आणि मग कापावंच लागेल. चालेल?"

इतक्या दिवसांत तिला चालेल का असं कुणी विचारलं नव्हतं. नशवा म्हणाली, चालेल.

मध्येच ठोके मंदावले. यंत्राचा आवाज लांबत गेला, तशी हज्जाची जपमाळ थांबली आणि हुसाम भिंतीला टेकला. डॉक्टरणीने नशवाला कुशीवर वळवलं आणि सांगितलं, हे आवडलं नाही मला, पुन्हा झालं तर आत नेते. नशवा म्हणाली, न्या, माझी हरकत नाही, फक्त लपवू नका. मग ठोके परत आले, एक, आणखी एक, आणि मग नेहमीची दुडकी चाल लागली. डॉक्टरीण म्हणाली, आता लावा जोर. थोड्याच वेळात मुलगी झाली. वेढा मानेवरून अलगद सुटला आणि पोरीने असा काही टाहो फोडला की हज्जाचा आनंदाचा चीत्कार तिच्यापुढे फिका पडला. हुसाम बायकोचे पाय धरून ढसाढसा रडत होता.

नेमके तेव्हाच डॉक्टर वगदी घामाघूम होऊन आत शिरले. त्यांनी बाळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघा मॅडम. नॉर्मल करू, इन्शाअल्लाह, म्हटलं होतं की नाही मी?"



सातव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. उस्ता सब्री नवी कडी घेऊन आला. चिरलेल्या दारासमोर उभा राहून म्हणाला, येतो म्हटलं होतं, आलो. बाळाला चाळणीत निजवून हज्जाने पितळी खलबत्ता तिच्या कानाशी ठणठण वाजवला आणि रीतीप्रमाणे सांगितलं, आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस. बायका हसल्या. हुसामही हसला, कारण त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि कडी तो स्वतः बसवत होता.

मग हज्जाने बत्ता उंच उचलला आणि सगळ्यांच्या देखत सुनेला म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी हिला एक भाऊ हवा हं."

नशवाने पोरीला उचलून छातीशी धरलं आणि सासूकडे बघून गोड हसली.

"इन्शाअल्लाह," ती म्हणाली.

हज्जाचा बत्ता वरच राहिला. सारा जन्म तंट्यात काढलेल्या त्या बाईला एवढं स्पष्ट 'नाही' आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.