खाली ठेवतो, उचल

आमचे शेजारी खापरेकाका कुणाच्याही हातात चाकू देत नाहीत. मागितला तर खिशातून काढतात, मिटतात, जमिनीवर ठेवतात, दोन पावलं मागे सरतात आणि म्हणतात, "ठेवला. उचल." चाकू हातातून हातात दिला की दोघांत भांडण होतं, हे लहानपणी आपल्या सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. आपण विसरतो. काका विसरत नाहीत.

राज्याची वाटणी झाली तेव्हा कर्मचाऱ्यांचीही झाली, आणि बालाघाटात सुखाने गंजत पडलेला मी छत्तीसगडच्या वाट्याला आलो. रायपूर राजधानी झालं होतं, म्हणजे सगळे रस्ते एकाच वेळी खणून ठेवले होते. समता कॉलनीत घर मिळालं. खोक्यांची सुतळी कापायला शेजाऱ्यांकडे चाकू मागितला, तर एका म्हाताऱ्याने तो माझ्या उंबरठ्यावर ठेवला आणि मागे सरून उभा राहिला. मी तो परत करायला गेलो तेव्हाही "खाली ठेवा, खाली" असं ओरडला.

"कोणतं पातं वापरलं?" त्याने विचारलं.

"मोठं."

"सुतळीले मोठं पातं?" त्याने डोळे मिटून घेतले. "तुम्ही एका पात्याचे माणूस दिसता, भाऊ."

ही त्यांची सर्वांत वाईट शिवी. माझे साहेब, कॉलनीचा सेक्रेटरी, पालकमंत्री, सगळे एका पात्याचे.

काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. जमवले काय, तर घडीचे चाकू. सत्तेचाळीस. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेले. संध्याकाळी मी ऑफिसातून दमून यायचो आणि ते कुंपणावरून हाक मारायचे. मग एकेक चाकू माझ्या कानाशी उघडायचा आणि मिटायचा.

"ऐक. बोलते का नाही?"

चांगलं पातं उघडताना कट् म्हणतं आणि मिटताना टक्. स्प्रिंग ढिली असली की ते पुटपुटतं. "हे बोलत नाही, खोकते," असं म्हणून ते एखादा चाकू बाजूला ठेवायचे, त्यात थेंबभर तेल सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याची प्रकृती मला सांगायचे. माझ्या प्रकृतीची कधी चौकशी केली नाही.

एका चाकूत किती पाती असावीत आणि कुठे असावीत, यावर त्यांचा पक्का सिद्धान्त होता. "दोन पाती एकाच टोकाले असली तं ते नवरा-बायको. जिंदगीभर एकमेकाच्या अंगावर घासतात. दोन टोकाले दोन असली तं ते शेजारी. स्प्रिंग एकच, पण कटकट नाही." एका वेळी दोन्ही पाती उघडणाऱ्या माणसाला त्यांनी घरातून घालवून दिलेलं मी पाहिलं आहे. तो त्यांचा साडू होता.

काकू दारात उभ्या राहून हे सगळं ऐकायच्या. "सत्तेचाळीस चाकू हायेत घरात," त्या मला सांगायच्या, "अन् कांदा चिरायले मले विळी."

एवढ्या चाकूंत खाण्याच्या कामाचा एकच. सांबराच्या शिंगाच्या मुठीचा, तीन पात्यांचा. तो काकूंच्या बिहीसाठी. बिही म्हणजे इकडचा पेरू. काकूंचे दात गेले होते आणि कवळी त्यांना सोसत नव्हती. थंडीत दुपारी काका व्हरांड्यात बसून मोठ्या पात्याने बिही दुभागायचे, बारीक पात्याच्या टोकाने एकेक बी काढायचे आणि सरळ धारेच्या तिसऱ्या पात्याने कागदासारख्या फोडी करायचे. याला अर्धा तास लागायचा. काकू तोवर बोलत राहायच्या. माझ्या बायकोने हे एकदा मला दाखवलं आणि नंतर आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

मग राजधानीत दारं आली. म्हणजे आधीही होती, पण आता प्रत्येक दारात धातू हुडकणारी एक चौकट, एक गार्ड आणि एक शिट्टी. काका पँट घालतात तसा चाकू बाळगतात. पेन्शनसाठी बँकेत जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेले तर चौकट किंचाळली. मी सोबत होतो. काकांनी चाकू काढून जमिनीवर ठेवला आणि मागे सरले.

"हाथ में दीजिए, बाबा."

"हाथ में नहीं देता. तेरा मेरा झगड़ा हो जाएगा."

"झगड़ा तो हो ही रहा है, बाबा!"

गार्ड वाकेना, काका देईनात. मी मधे पडून उचलायला गेलो तर दोघांनीही मला दटावलं. शेवटी जिवंत असल्याचा दाखला न देताच काका घरी आले. हा प्रसंग मी ऑफिसात दोन्ही आवाजांसकट करून दाखवायचो. लोक तो पुन्हा पुन्हा करायला लावायचे आणि मी करायचो.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. एका खाजगी दवाखान्यात आठ दिवस होत्या. गेल्या तेव्हा काका जवळ नव्हते. पोहोचवायला आलेले नातेवाईक हे हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. काकांनी कुणालाच काही सांगितलं नाही. चाकू पुढेही दाखवत राहिले, पण शेहेचाळीसच. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

यंदा आमचं खातं राजधानीसाठी बाहेर वसवलेल्या नव्या शहरात हललं आणि मला तिथे क्वार्टर मिळालं. ट्रकमध्ये सामान चढत असताना काका फाटकाशी येऊन उभे राहिले. खिशातून त्यांनी तो शिंगाच्या मुठीचा चाकू काढला.

"तिनं बिही मागितली होती," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "डॉक्टर हव म्हणाला, एखादी फोड द्या. मी बिही अन् चाकू घेऊन गेलो. दारावर गार्ड. मी स्टुलावर चाकू ठेवला, उचल म्हटलं. तो म्हणे, हातातच द्या. आता हातात द्यायले किती वेळ लागते, सांग? पण मी म्हटलं, ती वर एवढी बिमार, आज कोणासंग भांडण नको. घरी आलो. घरीच चिरली. बिया काढल्या, डब्यात भरली. ऑटो भेटत नव्हता. वर गेलो तं चादर ओढून झाली होती. डबा हातातच होता."

ऑफिसात मी काढायचो तो गार्डचा आवाज मला आठवला. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

काकांनी मोठं पातं उघडून दाखवलं. ते कट् म्हणालं नाही. तीन वर्षांत त्यांनी त्यात तेल सोडलं नव्हतं.

मग त्यांनी चाकू मिटून माझ्यापुढे धरला. मी सवयीने जमिनीकडे पाहत थांबलो. ते खाली वाकेनात.

"घे," ते म्हणाले. "हातात घे."

"काका, भांडण होईल ना."

"होऊ दे. भांडायले तं येशील."

मी तो हातात घेतला. या गोष्टीला सात महिने झाले. नव्या शहरातून समता कॉलनीकडे जायला थेट बस आहे, दर रविवारी मी निघायचं ठरवतो, आणि अजून एकदाही गेलेलो नाही.