फोटोतले चौघे

भर रस्त्यात उभा राहून स्वतःभोवती हळूहळू गोल फिरणारा माणूस दिसला, तर लगेच त्याला प्यायलेला समजू नका. पडेगावात तरी ते आमचे शेजारी दादाराव असतात आणि हातात मोबाईल असतो.

दादारावांचा जन्म एसटीत कंडक्टरी करण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांना लांबलचक फोटोंचं वेड लागलं. तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल लावायचा, थोडा थोडा वळवत सात फोटो काढायचे आणि ते जोडून एक चित्र करायचं. विषय एकच, डोंगरातली बौद्ध लेणी.

"सर, भिक्खूंनी एवढा डोंगर कोरला तो काय भिंती बघायला? दारात बसलं की सगळा मुलूख दिसावा म्हणून. एका फोटोत मावंल का ते?"

एकदा त्यांनी आमची अख्खी गल्ली तिथं नेली. "पुढं सरका, आत जागा लई हाय!" असं ओरडत विहाराच्या खांबांपासून पार टोकापर्यंत सगळ्यांना उभं केलं आणि सातही फोटो होईपर्यंत हलायचं नाही अशी तंबी दिली. मी नाकावरची माशी हाकलली. चित्रात माझ्या धडावर मुंडकं नव्हतं आणि आमच्या हिला तीन हात आले होते. हिनं तो फोटो पाहिला आणि आमच्या घरापुरता तो विषय संपला. हळूहळू सगळी गल्लीच गळाली.

मग दादाराव एकटेच जाऊ लागले. एका रविवारी पायऱ्यांवर घसरले. गुडघा सुजला, डाव्या चपलेचा अंगठा तुटला. पुण्याहून लेकीचा, सुनीताचा फोन आला. सोबत माणसं असतील तरच डोंगर चढायचा, आणि ती फोटोत दिसली पाहिजेत. नाहीतर लेणी बंद! दादारावांचा चेहरा पार उतरला. वहिनी गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात रविवार सोडला तर होतं तरी काय? मला वाईट वाटलं, पण मुंडक्याची आठवण होऊन मी गप्प बसलो.

गुडघ्याची सूज उतरली आणि एका रविवारी संध्याकाळी स्वारी फोटो घेऊन हजर. डावीकडं खांब, मधे उघडे डोंगर, उजवीकडं लांब मकबऱ्याचा घुमट. आणि चार माणसं! एक टोपीवाले, एक उपरणंवाले, एक छत्रीवाले, एक पाठमोरे.

"नवीन मंडळ हाय," दादाराव म्हणाले. "सुनीतालाबी धाडला."

मी फोटो मोठा करून पाहिला. चौघांच्याही डाव्या चपलेला निळा अंगठा होता, उजव्या चपलेला काळा.

मी मान वर केली. दादाराव छताकडं बघत होते.

"दहा सेकंदांचा टायमर असतो, सर. टोपी घालून पळायला पुरतो."

"अहो, पोरीला फसवता?"

तेवढ्यात सुनीताचा मेसेज आला. दादारावांना चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचला: "फोटो छान. छत्रीवाल्या काकांना म्हणावं, पळू नका. टोपीवाल्या काकांनी बीपीची गोळी घेतली का? पुढच्या महिन्यात येतेय. चौघांसाठी चपलांचा एक जोड आणते."

दादारावांनी खिशातून गोळी काढली, माझ्याच तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली आणि तांब्या हातातच धरून बसले.

"येत्या रविवारी मी येतो," मी म्हणालो. "माशी बसली तरी हलणार नाही."

"हला की, सर," ते म्हणाले. "पण या. जागा लई हाय."