दिगंबर भेकराचे अकरा कळप

एका जंगलात, बाळांनो, अकरा कळप राहत होते आणि प्रत्येक कळपाला वाटे की फुटबॉल फक्त आपल्यालाच येतो. तिथे वाघ काय करत होता, असं विचारू नका. वाघ स्पर्धेचा प्रायोजक होता, म्हणून सामन्याच्या दिवशी कुणाला खात नसे.

त्या जंगलात दिगंबर नावाचा एक भेकर होता. त्याचं काम गोल मारायचं. फार मोठा खेळाडू नव्हे, बरं का. त्याचं चित्र कुणी झाडावर लावलं नव्हतं. पण वर्षाला सात-आठ गोल तो इमानेइतबारे मारायचा. म्हणून दर वर्षी कुठला तरी कळप त्याला बोलवायचा आणि वर्ष सरलं की निरोप द्यायचा.

ही सगळी जुळवाजुळव सदाशेठ खोकड करायचा. प्रत्येक नव्या कळपापुढे तो दिगंबरला उभा करी आणि एकच वाक्य म्हणायला लावी : लहानपणापासून याच कळपातून खेळायचं माझं स्वप्न होतं. दिगंबरने हे अकरा ठिकाणी म्हटलं. अकराही ठिकाणी टाळ्या पडल्या.

आता त्या जंगलात एक रीत होती. जुन्या कळपाविरुद्ध गोल मारला की नाचायचं नाही. पुढचे पाय जोडायचे, मान खाली घालायची, खाल्ल्या गवताला जागायचं. रीत चांगलीच होती, पण ती आयुष्यात एखादा कळप बदलणाऱ्यांसाठी होती. दिगंबर अकराव्या कळपात, म्हणजे सांबरांकडे आला, तेव्हा समोर येणारा प्रत्येक संघ त्याचा जुना कळप निघाला. त्या वर्षी त्याने नऊ गोल मारले आणि नऊही वेळा सुतक असल्यासारखा उभा राहिला.

त्याची बायको सुमित्रा बिऱ्हाड हलवून हलवून विटली होती.

"इथली करवंदीची जाळी मला आवडलीय," ती म्हणाली. "आता इथून उठायचं नाही. तेवढं बघा."

दिगंबरलाही दुसरं काही नको होतं. त्याचे गुडघे कुरकुरू लागले होते. सांबरांचे प्रमुख आबासाहेब यांनी शब्द दिला की अंतिम सामना जिंकलो तर जाळी कायमची तुमची.

अंतिम सामना चितळांशी होता. याच चितळांनी दिगंबरला एकदा ऐन तापात काढून टाकलं होतं, तेही निरोप धाडून. शेवटच्या मिनिटाला दिगंबरने गोल मारला. सांबरं नाचली. आबासाहेबसुद्धा वयाचं भान सोडून नाचले. दिगंबरने सवयीने पाय जोडले आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

"कळप जिंकला आणि तुम्ही दुखवट्यात," आबासाहेब म्हणाले. "तुमचं मन अजून चितळांकडे आहे, दिगंबरराव."

"रीत आहे, आबासाहेब. वर्षभर त्यांचं गवत खाल्लंय."

"आणि आमचं काय खाल्लंत?"

दिगंबरने सवयीने पुन्हा पाय जोडले. खरं उत्तर असं होतं, की सांबरांचा मान राखायला आधी सांबरांनी त्याला काढायला हवं होतं. ती अडचण सांबरांनी त्याच दुपारी दूर केली.

चितळांनी त्याच्या संयमाचं तोंड भरून कौतुक केलं. जागा मात्र दिली नाही. सुमित्रा सामान बांधताना रडली. मला त्या आबासाहेबांचा फार राग येतो, मुलांनो. तुम्हालाही येऊ दे.

हल्ली सांबरं दर वर्षी आपल्या पाडसांसाठी शिबिर घेतात. तिथे 'कळपनिष्ठा' या विषयावर बोलायला दिगंबररावांनाच बोलावतात. आबासाहेब स्वतः त्यांच्या खांद्यावर शाल घालतात, डोळे पुसतात आणि उन्हं कलायच्या आत पाहुण्यांना हद्दीबाहेर सोडून यायला सांगतात.

तात्पर्य : मुलांनो, निष्ठा जरूर शिका. ती शिकवायला कळप नेहमी बाहेरून कुणाला तरी बोलावतो, कारण आत ती कुणाकडेच नसते.