खोली सापडण्यास लागलेला वेळ

या, असे पुढे सरकून बसा. चित्त इकडे द्या. एका सज्जन माणसाची गोष्ट सांगतो. मनुष्यजन्म दुर्लभ आहे, हे आपण ऐकत आलो. पण त्याहूनही दुर्लभ वस्तू म्हणजे एकही रकाना रिकामा नसलेला अर्ज. हे ज्याला उमगलं तो तरला. आपले व्यवस्थापकसाहेब अशा तरलेल्यांपैकी.

साहेब ज्याचा कारभार पाहत, त्याचं नाव ‘कर्करोगविषयक आरोग्य-विषमता संशोधन कार्यक्रम’. (हे नाव एका दमात म्हणता आलं की नोकरी कायम होत असे.) टेकडीवरच्या बंगल्यांतली माणसं कर्करोगाच्या तपासणीला वेळेवर येतात आणि गिरणीमागच्या वस्तीतली उशिरा, असं का, हे शोधायचं. कार्यालय इस्पितळातच, दुसऱ्या मजल्यावर. तपासणीची खोलीही त्याच मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे, एका कपाटामागच्या दाराआड. फट एवढीच की माणूस तिरका होऊनच आत शिरेल. कपाट कार्यक्रमाचंच. उशिरा येण्याच्या कारणांवरचे अहवाल कार्यालयात मावेनात, म्हणून तिथं सरकवलेलं.

दारावर पाटी नव्हती. लावायला कुणाची ना नव्हती. परंतु पहिल्याच वर्षी असं आढळलं की वस्तीतल्या माणसाला खोली सापडायला सरासरी सत्तेचाळीस मिनिटं लागतात. (बंगल्यातल्याला चार. त्याच्याबरोबर डॉक्टरांचा मेहुणा असतो.) इतका मोलाचा आकडा हाती आल्यावर पाटी लावणं म्हणजे चांगल्या चाललेल्या संशोधनात माती कालवणं. सबब नियम निघाला: तीन वर्षं पाटी नको, आणि कार्यक्रमाच्या माणसाने कुणालाही खोली दाखवू नये. चौथ्या वर्षी बाण रंगवण्याचा विचार करण्यासाठी समिती.

एका मंगळवारी दुपारी बारा अठराला इस्त्रीवाली मावशी कार्यालयाच्या दारात आली. काखेत पाच महिन्यांची गाठ, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. खोली एकला बंद होणार, ती थेट पुढच्या मंगळवारी उघडणार.

“दादा, तपासणीची खोली कुठंय?”

साहेब लगबगीने उठले. खुर्ची दिली, पाणी दिलं, चौसष्ट प्रश्नांचा अर्जही काढला. उजवा हात आपसूक जिन्याकडे वळायला लागला, तेव्हा तो त्यांनी खिशात घातला.

“प्रश्न बारा. उशीर का झाला? अंतर, वाहन, भीती, अज्ञान, की इतर?”

“घरचे म्हणाले, दुखत नाही ना, मग बघू.”

साहेबांनी ‘इतर’वर खूण केली. (‘इतर’ आजवर दोनशे बारा. उरलेली चार कारणं मिळून एकोणीस. त्या चारांवर अहवालात नव्वद पानं आहेत. ‘इतर’वर एक तळटीप.)

“प्रश्न एकतीस,” साहेब मायेने म्हणाले. “खोली सापडायला आज किती वेळ लागला?”

“अजून सापडलीच नाही की!”

“असू द्या, सापडली की लिहू.”

“मग सांगा ना कुठंय ती.”

“मी सांगितलं तर मावशी, तो वेळ तुमचा राहणार नाही. माझा होईल.”

मावशीने त्यांना नीट न्याहाळलं. “बायकोने मिठाचा डबा कुठंय विचारलं, तर घरीही असंच करता?”

“घरी मला ठाऊकच नसतं,” साहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

बारा पन्नासला मावशी उठली. “तुमचं चालू द्या,” म्हणाली, आणि एकेक दार ठोठावत सुटली. पहिल्यात झाडू निघाले. दुसऱ्यात ‘वस्तीपर्यंत पोहोचण्याचे मार्ग’ या विषयावर बैठक निघाली. बैठकीतल्यांनी दार लावून घेतलं. मग कपाटामागून नर्सबाईंचा आवाज आला. मावशी तिरकी झाली तरी फटीत मावेना, तेव्हा तिने पदर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. कपाट तसूभर हललं, थांबलं. आत तीन वर्षांचे अहवाल.

साहेब मागे उभे होते. घड्याळात बारा सत्तावन्न. त्यांनी नियम मनातल्या मनात दोनदा वाचला. खोली दाखवू नये, असं होतं. कपाट ढकलू नये, असं कुठंच नव्हतं. खिशातला हात बाहेर आला.

बारा अठ्ठावन्नला मावशी आत गेली. गाठ तपासली, नमुना घेतला. निकाल पुढच्या मंगळवारी. साहेबांनी प्रश्न एकतीसपुढे ‘चाळीस मिनिटे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. सरासरी का घसरली, अशी लेखी विचारणा संध्याकाळच्या आतच झाली, आणि कपाट पूर्ववत करण्यात आलं.

हसलात? हसा, मायबापहो, देवाने हसू फुकट दिलंय. कपाटाचं काय, आज ना उद्या कुणीतरी हलवेल. पण ‘इतर’मधली ती ‘बघू’ म्हणणारी घरची माणसं ना इस्पितळाच्या पगारावर, ना कार्यक्रमाच्या. ती आपापल्या घरी बसून अशा गोष्टी ऐकतात नि साहेबांना हसतात. तेव्हा मावशीची आठवण ठेवा. मंगळवारी तिच्यासाठी हात जोडा. आणि जोडण्याआधी, तुमच्या घरात ‘बघू’ ऐकून गप्प बसलेलं जे कोणी आहे, त्याला हाक मारा.