कुटुंबासह पाहण्याजोगी घोडी

प्राण्यांना बोलता येत नाही, ही निसर्गाने माणसावर केलेली फार मोठी कृपा आहे. ते बोलत असते तर माणसाला त्यांना उत्तरे द्यावी लागली असती, आणि माणूस आधीच घरच्यांना उत्तरे देऊन थकलेला आहे. तरीही करमणुकीपुरते त्यांनी बोलावे, अशी सोय चित्रपटवाल्यांनी केलेली आहे. अट एवढीच की त्यांनी गमतीचे बोलावे आणि मध्यंतराआधी एखादे गाणे म्हणावे.

ही अट पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी आमची कौटुंबिक चित्रपट परीक्षण समिती आहे. मी तिचा चिटणीस. समितीचे सर्व सभासद कुटुंबवत्सल आहेत. (निवडीचा निकष असा की उमेदवाराला कुटुंब असावे. ते त्याच्याशी बोलते का, हे विचारण्याची पद्धत नाही.) आम्ही पास केलेला चित्रपट आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून पाहता येतो. पाहून झाल्यावर कोणालाही कोणाशी काही बोलावे लागत नाही, ही त्याची खरी खूण.

‘गोठ्यातली गंमत’ हा असाच एक आदर्श चित्रपट होता. त्यात भांडकुदळ बदक होते, नाच शिकणारे डुक्कर होते आणि या सगळ्यांना गोष्टी सांगून झोपवणारी एक घोडी होती. पाहणीनुसार दहापैकी नऊ पालकांनी तो मुलांसोबत पाहिला आणि त्यांतले सात जण शेवटपर्यंत जागे होते. घोडीचे चित्र दप्तरांवर आले, पाण्याच्या बाटल्यांवर आले, दात घासायच्या ब्रशवरही आले. साहजिकच दुसरा भाग काढायचे ठरले.

इथे दिग्दर्शकाच्या हातून एक चूक झाली. त्याने पुढे काय होईल याचा विचार केला. दुसऱ्या भागात बदक आणि डुक्कर जरा मोठे होऊन पुन्हा तसेच भांडले आणि नाचले असते, तर कोणाचेही काही बिघडले नसते. पण या गृहस्थाने घोडी म्हातारी केली. तिचे गुडघे धरले. मालकाला तिच्या जागेत ट्रॅक्टर लावायचा आहे. घरचे जेवायला बसलेले असताना विषय निघतो, कोणी कोणाकडे पाहत नाही आणि सकाळी एक गाडी येते. मालक घोडीशी गोड बोलून तिला गाडीत चढवतो. आता घोडी पहिल्या भागापासून बोलकी, शिवाय तिला सगळे समजते. त्यामुळे गाडीत चढताना ती बोलते.

परीक्षण संपले. अध्यक्षीणबाई चष्मा पुसत होत्या. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “घोडीला उगीच जास्त बोलायला दिलंय.”

“माझ्याकडे सासूबाई असतात,” एक सभासद म्हणाल्या. “पोरांनी हे पाहिलं तर?”

“तर काय?”

“तर काही नाही,” असे म्हणून त्यांनी चहा मागवला.

आमच्या नियमांत अशा प्रसंगांचा पूर्ण विचार केलेला आहे. बोलणारा प्राणी हे पात्र समजले जाते आणि पात्राला दुःख देता येत नाही. न बोलणारा प्राणी हा देखावा समजला जातो आणि देखाव्याला कुठेही नेता येते. त्यामुळे प्रश्न अगदी सोपा होता. घोडीला नेण्याला आमची हरकत नव्हती, म्हातारे होण्यालाही नव्हती. त्या वेळी तिने बोलू नये, एवढेच आमचे म्हणणे होते. तोंडातून शब्द निघाला नाही की तो प्रसंग संपूर्ण कुटुंबाने पाहावा असा होतो. हा नियम करणारे लोक नुसते हुशार नव्हते, ते घरंदाज होते.

दिग्दर्शकाने फार हातापाया पडून पाहिले. शेवटी घोडीला आवाज देणाऱ्या बाईंनाच तो समितीपुढे घेऊन आला. या बाईंनी आयुष्यभर बाहुल्यांना, भुतांना आणि साबणाच्या जाहिरातीतल्या बादलीला आवाज दिला. त्यांचा चेहरा कोणी ओळखत नव्हते, पण त्यांनी “नमस्कार” म्हटल्याबरोबर मुख्याध्यापक उठून उभे राहिले. लहानपणी रेडिओवरचा तो आवाज ऐकूनच ते झोपत असत.

“लिहून दिलेले संवाद मला पटले नाहीत,” बाई म्हणाल्या, “म्हणून मी माझ्या मनचंच बोलले. तुम्हाला काढायचं ते काढा. पण एक वाक्य ठेवा. ‘ओढू नका, मी चालत येते.’ एवढंच. माझा आवाज आता बसत चाललाय हो. यानंतर मला कोणी बोलवेल असं वाटत नाही.”

“बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. (आदर एकमताने मंजूर झाला.)

मग चर्चा झाली. मुख्याध्यापकांनी दाखवून दिले की पडद्यावर घोडीला कोणीही ओढत नाही. सबब ‘ओढू नका’ हा मालकावर विनाकारण आळ आहे. राहता राहिले ‘मी चालत येते’, पण ती चालत येते हे प्रेक्षकांना दिसतेच आहे. असा दोन्ही बाजूंनी विचार करून ते वाक्य काढण्यात आले. घोडीला गप्प करून मालकाला बोलू देणे पक्षपाताचे दिसले असते, म्हणून त्याचेही संवाद काढले. मला फार वाईट वाटले. बाईंच्या तोंडाकडे मला बघवेना. चिटणीसाला मत नसते, याचा त्या दिवशी मी पुरेपूर फायदा घेतला.

ठराव बिनचूक होता, फक्त त्यात तोंडाचा उल्लेख राहून गेला. या धंद्यात आवाजाचा विभाग वेगळा आणि संगणकावर प्राण्यांचे तोंड हलवणारा विभाग वेगळा. ‘संवाद काढावेत’ म्हटल्यावर आवाजवाल्यांनी ते मुकाट्याने काढले. तोंड बंद करा असे कोणी सांगितले नाही, म्हणून तोंडवाल्यांनी ते हलतेच ठेवले. म्हणजे गाडीच्या फळीवर पाय ठेवून घोडी जीव तोडून बोलत होती आणि शब्द एकही येत नव्हता. समितीच्या कामाचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

पहिल्या खेळाला आम्ही सगळे सहकुटुंब गेलो. बाईंना त्यांच्या मुलाने दारात सोडले, “संपलं की फोन कर” म्हणाला आणि गेला. त्या माझ्या शेजारी बसल्या. बदक भांडले, डुक्कर नाचले, मुले हसली. मग गाडी आली.

“आई, ती काय म्हणतेय?” पुढच्या रांगेतून एका मुलीने विचारले.

“काही नाही म्हणत.”

“तोंड हलतंय की.”

“चघळत असेल काहीतरी.”

मुलीने थोडा वेळ पडद्याकडे निरखून पाहिले. मग ती मोठ्याने म्हणाली, “नाही गं. ती म्हणतेय, माझा चष्मा आत राहिला.”

पलीकडून दुसरा आवाज आला. “ती म्हणतेय, मी कोपऱ्यात बसेन, टीव्हीपण लावणार नाही.”

“ती विचारतेय, माझी खोली कोणाला दिली?”

“ती म्हणतेय, रविवारी याल ना? नक्की याल ना?” हा आमच्या त्या चहा मागवणाऱ्या सभासदांचा मुलगा.

सभागृहभर पालकांचे ‘शू, शू’ चालले होते, पण पोरे ऐकेनात. ओठांशी शब्दांचा मेळ इतका चोख होता की निष्णात कलावंतांनी तोंडात बोट घालावे. मुलांना ही वाक्ये कुठून मिळाली, याची चौकशी समितीने केली नाही. प्रत्येक सभासदाला आपापल्यापुरते उत्तर ठाऊक होते.

सगळ्यात शेवटी घोडीचे तोंड एकदाच हलते. तिथे मुले कशी कोण जाणे गप्प झाली. माझ्या शेजारी बाईंनी श्वास घेतला आणि बसलेल्या आवाजात, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असे म्हणाल्या, “ओढू नका. मी चालत येते.” एकाही मोठ्या माणसाने मागे वळून पाहिले नाही. मला रडू आले आणि मी ते येऊ दिले.

बाहेर आल्यावर बाई खुशीत होत्या. “पोरांनी माझ्यापेक्षा चांगलं काम केलं,” म्हणाल्या. मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि तो उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. चित्रपट निर्दोष असल्याचे पुन्हा एकदा सिद्ध झाले, कारण त्यात आक्षेपार्ह वाक्यच नव्हते. आक्षेपार्ह तेवढे सगळे प्रेक्षकांनी घरून आणले होते. तेव्हा यापुढे चित्रपटांऐवजी कुटुंबेच तपासून पास करावीत, असे ठरले. घरातल्या वयस्कर मंडळींनी मुलांदेखत फक्त गमतीचे बोलावे, सामान आवरताना तर मुळीच बोलू नये, असा मसुदा तयार आहे.

वाचक म्हणतील की आमच्या घरी असले काही नाही, खुशाल येऊन तपासा. तुमच्याकडे यायची गरज पडणार नाही. त्या दिवशी घोडीच्या वाट्याचे पुष्कळ मुले बोलली, पण मालकाचे तोंड हलले तेव्हा सगळ्या सभागृहातून एकच मूल बोलले. ते तुमचे धाकटे. “असं काय करतेस आई, तुझ्याच भल्यासाठी ना,” असे ते म्हणाले, आणि त्यानंतर घड्याळ पाहिल्यासारखे मनगट वळवले. गंमत म्हणजे त्याच्या हातात घड्याळ नव्हते. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिले ते तुमच्याकडे, कारण आवाज हुबेहूब तुमचा होता.