दार बंद होत आहे

माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. नाही म्हणू नका. पंचवीस वर्षांपूर्वी तो अंतराळयानाचा सिनेमा आपल्या भाषेत आला होता. त्यात मध्यंतराच्या जरा आधी यानाचा कॉम्प्युटर म्हणतो, "दार बंद होत आहे." तो मी. (बरेच जण नेमके तेव्हाच बाहेर खाण्याच्या रांगेत उभे होते, त्याला माझा इलाज नाही.)

पोटापाण्यासाठी मी विम्याच्या ऑफिसात लोकांचे क्लेम नाकारतो. पण मनातून मी त्या चार शब्दांवरच जगत आलो आहे. लिफ्टचं दार लागायला लागलं की माझा आवाज आपोआप खाली उतरतो आणि ते वाक्य तोंडून बाहेर पडतं. लग्नाआधी बायकोला हे फार आवडायचं. लग्नानंतर ती जिन्याने जायला लागली.

तर शनिवारी सकाळी डबिंगच्या बाईंचा फोन आला. पंचवीस वर्षांनी! मी अर्धी दाढी केलेली, गालाला फेस, तसाच उभा.

"अहो, आपल्या त्या यानाच्या सिनेमाची आता मालिका केलीय. आठ भाग आहेत. गोष्ट तीच, पण सगळं वाढवलंय. कॅप्टन आता बाई आहे. मालखोलीतला तो केसाळ प्राणी आठवतो? सिनेमात एकदा दिसून गेला होता. त्यालासुद्धा आता प्रत्येक भागात काम आहे."

"आणि यान?" मी विचारलं. फेस फोनला लागला.

"यान तर सारखं बोलतंच असतं हो! कॅप्टनशी गप्पा मारतं, धीर देतं, समजूत काढतं. म्हटलं, जुन्या माणसाला आधी विचारावं."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. आठ भाग! चार शब्दांवरून एकदम आठ भाग! मी बाथरूममध्ये उडी मारली, बादलीत पाय गेला, आणि त्याच पायाने सगळ्या घरभर नाचून आलो.

"ऐकताय ना?" बाई म्हणाल्या. "चार ओळी पाठवते. घरीच रेकॉर्ड करा आणि संध्याकाळपर्यंत पाठवा. आजच निवड करायचीय. फक्त मागे भांड्यांचे आवाज नकोत. यानात भांडी नसतात."

आता आमच्या घराची ओळख करून द्यायला हवी. खोल्या दोन, माणसं चार, आणि शांतता अजिबात नाही. बायको फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज आहे का, असा प्रश्न पडतो. कॉलेजातली मुलगी गाणी ऐकल्याशिवाय अभ्यास करू शकत नाही, आणि गाणी लावल्यावर करत नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ड्रिलने भिंतीला भोकं पाडतात. (किती महिने पाडताहेत! भिंत अजून उभी कशी, कोण जाणे.) एकट्या सासूबाई तेवढ्या शांत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर त्यांनी भडकलेल्या लोकांना "कृपया थांबा, जोडून देते" असं सांगितलं आहे. त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि बरोबर त्यांचं कपाट आलं. अर्ध्या खोलीत कपाट आहे, उरलेल्या अर्ध्यात आम्ही.

"बाबा, कपाटात बसा," मुलगी म्हणाली. "सगळे तेच करतात. कपडे आवाज शोषून घेतात. एकदम स्टुडिओ!"

मी तिला तिथल्या तिथे मिठी मारली. (फेस तिलाही लागला.) दुपार उलटेपर्यंत मी आरशासमोर तयारी केली. मग सगळ्यांना कपाटासमोर उभं करून मी सूचना दिल्या. आवाज खोल, चेहरा गंभीर, जणू काही यान उडायलाच निघालं होतं.

"मी आत आहे तोवर घरात टाचणी पडता कामा नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आतून काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही. प्रसंग आणीबाणीचा आहे. यानात हवा संपतेय. तेव्हा आरडाओरडा होणार. तुम्ही ढिम्म हलायचं नाही."

"आरडाओरडा यान करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मूड म्हणून सांगतोय हो," मी म्हणालो.

त्या कपाटाचं कुलूप दार जोरात ओढलं की आपोआप लागतं, आणि ते उघडतं फक्त बाहेरून, किल्लीने. मधेच कुणी मोजे काढायला येऊ नये म्हणून मी ती किल्ली काढून खिशात घातली, रजयांच्या ढिगात शिरलो, आणि दार आतून जोरात ओढून घेतलं. खट्!

(हे वाक्य पुन्हा वाचू नका. मला आधीच पुरेशी लाज वाटलेली आहे.)

अंधारात मोबाइल चालू केला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. "कॅप्टन, घाबरू नका. मुख्य दार बंद आहे. हवा कमी होत आहे. मदत निघाली आहे." अहाहा! काय आवाज लागला होता! माझ्याच अंगावर काटा आला. मी यान होतो. माझ्याभोवती तारे फिरत होते. त्या ओळी मी पुनःपुन्हा म्हटल्या, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा बरं जमलं. मग समाधानाने दार ढकललं.

दार हललं नाही.

पुन्हा ढकललं. मग खांद्याने ढकललं. मग किल्ली आठवली, आणि माझा हात खिशाकडे गेला.

"अगं," मी हाक मारली, "दार उघड."

बाहेरून बायकोचा दबका आवाज आला. "हे मस्त झालं!"

"अगं, मी खरंच अडकलोय!"

"हे जरा नाटकी वाटलं," मुलगी म्हणाली.

"अगं, मी यान नाही! तुझा नवरा बोलतोय! नवरा!"

 बायको बाहेर हरखून म्हणाली, "आई, ऐकलंस? यान त्या कॅप्टनचा नवरा निघाला! सिनेमात असं नव्हतं हं!"

"मालिकेत वाढवतात गं असं," मुलगी म्हणाली. "आठ भाग भरायचे असतात."

मी दारावर बुक्के मारले. त्यावर दोघींनी हळूच टाळ्या वाजवल्या. आत उकडायला लागलं होतं, डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला होता, आणि माझ्याच सूचनेने माझा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात अंधारात माझ्या मानेवरून काहीतरी मऊ आणि केसाळ सरपटलं.

त्यानंतर मी जे ओरडलो ते कुठल्याही भाषेत बसत नाही. ते बारीक सुरू झालं, मध्ये फाटलं, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं थांबलं. (ती बायकोच्या जुन्या कोटाची कॉलर होती, हे नंतर कळलं.)

"दोघी बाजूला व्हा," सासूबाई बाहेर म्हणाल्या. "ते खरंच अडकलेत."

"कशावरून?" बायकोने विचारलं.

"इतका चांगला अभिनय त्यांना येत नाही."

त्या कपाटाजवळ खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा आवाज दाराच्या फटीतून आत आला, एका पट्टीत, स्वच्छ.

"घाबरू नका, जावईबापू. मी इथेच आहे. किल्ली कुठे आहे?"

"खिशात!"

आतापर्यंत जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. आमच्या घरात खरोखरची शांतता पसरली. वरचं ड्रिलसुद्धा थांबलं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "आधी श्वास घ्या. हळू. आता सोडा. दार ओढू नका. उजवा हात खाली न्या. उजवा, जावईबापू. तो डावा आहे, त्याचं कोपर फळीला लागलं, मला ऐकू आलं. छान. किल्ली काढा. आता खाली वाका आणि दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवा. घाई नाही. मी थांबलेय."

आणि खरं सांगतो, मला एकदम बरं वाटलं.  या बाईंनी सांगितलं असतं तर मी अंतराळातसुद्धा दार उघडून बाहेर पाऊल टाकलं असतं.

किल्ली बाहेर गेली. दार उघडलं. मी रजयांसकट जमिनीवर आलो. बाहेर उन्हं उतरत आली होती.

"संध्याकाळ झाली!" मी ओरडलो, आणि पडल्या पडल्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद करून डबिंगच्या बाईंना पाठवून दिलं. ते ऐकून बघायला वेळ होता कुठे? पहिल्या चार ओळी झकास झाल्या होत्या, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्यानंतरही मोबाइल चालूच होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवार मी हवेत तरंगत काढला.  सोमवारी ऑफिसात टेबलावर क्लेमचा ढीग होता आणि मी सगळे मंजूर करत सुटलो होतो, इतका खुशीत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, यान सापडलं!" डबिंगच्या बाई किंचाळल्याच. "काय आवाज आहे! सगळा स्टुडिओ थक्क झालाय!"

"मिळालं!" मी टेबलावरच चढलो. अख्खं ऑफिस धावत आलं. साहेबांनी हात हातात घेतला. कॅशियर डोळे पुसत होता. (त्याला सर्दी होती, पण मला त्या क्षणी कोण सांगणार?)

"मला माहीत होतं, बाई," मी गहिवरून म्हणालो. "पंचवीस वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होतो."

"तर मग त्यांचा नंबर द्या ना."

"कुणाचा?"

"त्या बाहेरून बोलतात त्यांचा! 'घाबरू नका, मी इथेच आहे.' अंगावर शहारा आला हो! तुमच्या घरात असा आवाज आहे आणि तुम्ही स्वतः कशाला रेकॉर्ड करत बसलात?"

मी टेबलावरून खाली उतरलो. एकेक पाय जपून टाकत उतरलो. 

"तुम्हालाही घेतलंय बरं का," बाई म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला. "कशासाठी?"

"तुमची ती किंकाळी! मालखोलीतल्या प्राण्यासाठी आम्ही किती जण ऐकले. पण तसा केसाळ आवाज कुणाचाच नव्हता."

दोन महिन्यांनी पहिला भाग लागला. आमच्या त्या अर्ध्या खोलीत सगळे नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. काही कपाटात बसले होते, दार सताड उघडं ठेवून. (त्याची किल्ली हल्ली सासूबाईंच्या गळ्यात असते. जावयाच्या हाती ती द्यायची नाही, असा घरचा कायदा झाला आहे.) पडद्यावर यान निघालं, आणि सासूबाईंच्या आवाजात म्हणालं, "दार बंद होत आहे."

माझे चार शब्द! पंचवीस वर्षं जपलेले! आणि काय सांगू, त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगले म्हटले.  बायको तर मोहरून म्हणाली, "आई, हे वाक्य इतकं गोड आहे, मला माहीतच नव्हतं!"

मग मालखोलीचा दिवा गेला. सहा पायांचा, पिंगट केसांचा तो प्राणी कोपऱ्यात दबून बसला होता. तो बारीक आवाजात ओरडला, मध्ये फाटला, आणि उचकी लागल्यासारखा थांबला.

"हे!" बायको उभीच राहिली. "हा आवाज मी कुठेही ओळखीन!"

आणि पडद्यावरचं यान प्रेमाने म्हणालं, "घाबरू नका, जावईबापू. दार ओढू नका."

झालं होतं असं की त्या प्राण्याचं मूळ नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं. म्हणून डबिंगच्या बाईंनी आमच्या रेकॉर्डिंगमधलं ऐकून त्याचं नावच जावईबापू ठेवलं. सगळे नातेवाईक पडदा सोडून माझ्याकडे बघत होते. एक मामेसासरे तर माझे पाय मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कितीतरी वर्षांनी माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. मालिकेत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर जिन्याने कशाला जायचं, असं ती म्हणाली. माझी छाती फुगली. दार लागायला लागलं. सवयीने माझा आवाज खाली उतरला आणि मी तोंड उघडलं.

"ते नको हो काका," भोकंवाल्या गृहस्थांची छोटी मुलगी हात जोडून म्हणाली. "ते आजीच छान म्हणतात. तुम्ही ओरडून दाखवा ना!"

प्रेक्षकांची फर्माईश ती. मी जीव ओतून ओरडलो. लिफ्टमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बायको पुढच्याच मजल्यावर उतरली आणि जिन्याने गेली.