मालनबाईंचा ठिपका

मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता मालन नावाचं समुद्री कासव सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं होतं. निदान नकाशाचं तरी तसं म्हणणं होतं.

हा नकाशा श्रेयाच्या लॅपटॉपवर होता, आणि श्रेया प्रभादेवीतल्या 'भरतीरेषा प्रतिष्ठान'च्या दोन खोल्यांच्या ऑफिसात डोळे फाडून त्याच्याकडे बघत होती. समुद्रकिनारा वाचवणाऱ्या या संस्थेने आदल्याच दिवशी, वरळीच्या कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेली एक मादी कासव पुन्हा समुद्रात सोडली होती. तिच्या पाठीवर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं. ते उपग्रहाला खबर देणार, नकाशावर लाल ठिपका हलणार आणि मालनला दत्तक घेतलेली मंडळी घरबसल्या तिचा प्रवास बघणार, अशी योजना. नकाशा नऊ वाजता सगळ्यांसाठी खुला झाला आणि पाऊण तासात ठिपका देवदर्शनाला गेला.

"सर, मालन देवळात आहे," श्रेया म्हणाली.

संस्थापक-संचालक डॉ. रमाकांत देवस्थळी यांनी पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. संकट आलं की आधी सिद्धांत मांडायचा आणि मग घाबरायचं, हा त्यांचा शिरस्ता.

"अंडी घालायला जागा शोधत असावी," ते म्हणाले.

"रांगेत, सर?"

"निसर्गात अपवाद असतात."

एवढ्यात सुशांत धुरी आत आला. एका काखेत हेल्मेट, एका हातात प्रसादाचा पुडा. सुशांत हा संस्थेचा क्षेत्र अधिकारी, म्हणजे चिखलात उतरायची वेळ आली की ज्याला हाक मारतात तो. महिनाअखेरीला त्याची नेमणूक संपत होती आणि ती वाढवायची की नाही, हे देवस्थळी सरांच्या सहीवर होतं. म्हणून तर स्वारी लालबागहून निघून आधी बाप्पाच्या पाया पडून आली होती.

बाप्पाला सांगण्यासारखं आणखीही एक कारण होतं. देवस्थळी सरांचं रंगीत तालमीशिवाय पान हलत नसे. झाड लावायचं तर ते आधी खड्ड्याची तालीम घेत. कासवाला यंत्र चिकटवायची तालीम रविवारी ऑफिसात झाली. कासव म्हणून टेबलावर काय ठेवायचं, तर सुशांतचं हेल्मेट. सर म्हणाले होते, "गोंद लावल्याचा अभिनय कर." सुशांतने तालीम खरी वाटावी म्हणून खराच लावला. तो गोंद भरसमुद्रात दोन वर्षं टिकेल अशा बेताने बनवलेला. संस्थेकडे दोनच यंत्रं आलेली आणि त्यातलं एक सुशांतच्या डोक्याला कायमचं लागलं. त्याने सोमवारी मुकाट्याने दुसरं यंत्र कासवाला लावलं, हेल्मेटवर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि "एक कपाटात जपून ठेवलंय" असं सरांना सांगितलं. पट्टीतून बोटभर तार मात्र मागे उभी राहिली होती. मुंबईत कुणाच्या डोक्यावर काय उभं आहे, हे कोण बघतो!

फोन वाजला. पलीकडे विनीत परब होते. या प्रकल्पाचा सगळा भार त्यांच्या कंपनीने उचलला होता. अट एकच घातली होती, कासवाला आपल्या दिवंगत आईचं नाव द्यायचं.

"डॉक्टर," परब म्हणाले, "आई सिद्धिविनायकाला गेलीय का?"

"प्राथमिक निरीक्षणात तसं दिसतं."

"आज मंगळवार. ती एक मंगळवार चुकवायची नाही. आणि रात्रभर ठिपका लालबागला होता हो! आमची जुनी चाळ तिथेच. चार वाजता मी बाबांना घेऊन तुमच्याकडे येतो."

फोन ठेवून सर खुर्चीत बसले. संरक्षित प्राणी, वनखात्याची परवानगी, आणि तो प्राणी लालबागला मुक्कामाला! नक्की कुणीतरी तिला पुन्हा पकडलं असणार आणि टेम्पोत घालून फिरवत असणार. "सुशांत, काहीही कर, पण चारच्या आत मालन समुद्रात गेली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर ही संस्था नाही, मी नाही आणि तू तर नाहीसच."

आपल्या नोकरीचं सोडा, पण काल आपल्या हाताखाली संथपणे श्वास घेत पडलेला तो जीव कुठल्या टेम्पोत तडफडत असेल, या विचाराने सुशांतला खरंच रडू येत होतं. त्याने प्लास्टिकचा टब मोटरसायकलला बांधला, ओलं गोणपाट घेतलं, हेल्मेट चढवलं आणि निघाला.

देवळाबाहेर त्याने फुलवालीला विचारलं, "मावशी, इथे कासव बघितलं का?"

"शंकराच्या देवळात बघ. इथे उंदीर असतो."

मग तो दादरच्या मासळी बाजाराकडे वळला. न जाणो, कुणी विकायला नेलं असलं तर! वाटेत श्रेयाचा फोन आला. "तू कुठेयस? ठिपका आत्ता दादरला दाखवतोय."

"मी पण दादरलाच आहे!"

"मग बघ ना नीट! तिथेच असेल."

सुशांतने टेम्पो बघितले, हातगाड्या बघितल्या, एका बाईची मोठी पिशवी बघितली आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. त्यात तास गेला. मग बातमी आली, की परळच्या एका गोदामात रात्री काहीतरी जिवंत उतरवलंय. तो परळला धावला. गोदामात कोंबड्या निघाल्या.

"अरे सुशांत, आता ती परळला आहे," श्रेया फोनवर ओरडली. "तू जाशील तिथे ती कशी येते?"

फोन सरांनी घेतला. त्यांच्या आवाजात आता संशोधकाचा थरार होता. "सुशांत, नीट ऐक. सोडताना तिने शेवटचा चेहरा तुझा पाहिला. पिल्लं आईच्या मागे जातात तशी ती तुझ्या मागे येते आहे. घाई करू नकोस, तिची दमछाक होईल. आता हळूच मागे वळून बघ."

माणूस घाबरला की त्याला काहीही पटतं. परळच्या भर रस्त्यात सुशांतने मोटरसायकल थांबवली आणि हळूच मागे वळून बघितलं. मागे एक टॅक्सीवाला होता. तो म्हणाला, "क्या देख रहा है, चल ना!"

"नाहीये, सर."

"लाजत असेल. परत दादरला जा, तिला ओळखीच्या वासाकडे ने."

अशा रीतीने दुपारी अडीच वाजता सुशांत पुन्हा दादरच्या मासळी बाजारात, कुणीतरी मागून येत असल्यासारखा दर चार पावलांनी वळून बघत शिरला. तिथे सोनूबाई बसली होती. वरळी कोळीवाड्याची सोनूबाई, जिच्या जाळ्यात मालन सापडली होती ती. बोंबलांवरचा हात न थांबवता तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय झाला रे? भूत लागलाय काय मागं?"

"सोनूबाई, आपली मालन बाजारात आलीय."

"काल तुजे समोर दर्यान सोरली ना तिला? ती कशाला येल बाजारान? भाव विचारायला?" मग कोयता त्याच्या डोक्याकडे रोखून ती म्हणाली, "आनि ही तार कसली उबी केलीस टोपीवर? तिचे पाठीवर पन अशीच होती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपण म्हणतो. सुशांतचा कळसा थेट डोक्यावर होता. त्याने हेल्मेट काढून बघितलं आणि त्याला रविवार आठवला. यंत्रावर एक चुंबक असतं. ते काढलं की यंत्र जागं होतं. तालीम खरी वाटावी म्हणून त्याने ते चुंबकही काढलं होतं. आणि श्रेयाने नकाशाला नंबर दिला होता तो याच पहिल्या यंत्राचा.

साडेतीनला त्याने हेल्मेट सरांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. मग श्रेयाने दुसऱ्या यंत्राचा नंबर टाकला. नवा ठिपका उमटला, थेट अलिबागच्या पुढे, खोल निळ्या पाण्यात, दक्षिणेकडे निघालेला. सुशांतला हुंदका आवरला नाही. सरांनीही चष्मा पुसला. "ती सुखरूप आहे," ते म्हणाले, "आणि आपण मेलो."

चारच्या ठोक्याला परब आले, पण एकटेच. "बाबा खाली गाडीत आहेत," ते म्हणाले. देवस्थळी सरांनी जन्मात खोटं निरीक्षण लिहिलं नव्हतं. त्यांनी सुशांतकडे नुसतं बघितलं. सुशांतने मान खाली घालून पुन्हा सगळं सांगितलं.

"मला दुपारीच कळलं," परब म्हणाले. "मी इंजिनिअर आहे. कासव दादरहून परळला पंधरा मिनिटांत येत नाही. तेवढ्यात तर माणूसही येत नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "पण बाबांना कळलेलं नाही. आई गेल्यापासून दीड वर्ष ते खिडकीकडे पाठ करून बसायचे. आज सकाळपासून टॅब मांडीवर घेऊन बसलेत. 'ही बघ देवळात गेली. ही बघ दादरला गेली, मासळी घ्यायला असणार.' दुपारी पोटभर जेवले हो. ते यंत्र बंद करू नका."

"शास्त्राच्या दृष्टीने हे सर्वथा अयोग्य आहे," सर म्हणाले. सरांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "मालनबाईंना आणखी कुठे जायला आवडायचं?"

तर जगासाठी खरा नकाशा झाला आणि विनीतच्या बाबांच्या, म्हणजे दौलत परबांच्या, टॅबसाठी वेगळा. सुशांतची नेमणूक वर्षभरासाठी वाढली आणि कामाच्या यादीत एक कलम आलं. मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी दादरची मासळी, गुरुवारी गिरगावात साड्यांची दुकानं (दोन तासांपेक्षा कमी नाही, असं परबांनी बजावलं होतं), शुक्रवारी अँटॉप हिलला मालनबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. बहिणीला काहीच सांगितलेलं नव्हतं. दर शुक्रवारी आपल्या बिल्डिंगखाली एक माणूस हेल्मेट मांडीवर घेऊन का बसतो, हे तिला कळेना, म्हणून ती त्याला चहा पाठवू लागली. सर रोज संध्याकाळी तालीमही घेत. "साड्यांच्या दुकानातून इतक्या लवकर बाहेर? विश्वास बसेल का कुणाचा?"

तिसऱ्या शनिवारी सुशांतला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज म्हातारा होता, पण खणखणीत.

"हेल्मेटवालो तूच मां?"

सुशांतने इकडेतिकडे बघितलं. "कोण बोलतंय?"

"दौलत परब. घाबरू नको. हेल्मेटाचा मेव्हणीन सांगल्यान, नंबर तुमच्या हाफिसातसून घेतलंय. चाळीस वर्सां कापडाच्या साच्यार काम केलंय मी मिलमधी. कासव खंयचा आणि फटफटी खंयची, इतक्या कळता माका."

"आजोबा, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"पयल्या दिवसापासून. विनीतक मातर सांगू नको. माका खरा वाटता म्हणान तो खूश आसा. आवस गेल्यापासून पोरगो माझ्याजवळ बसना नाय होतो. आता रोज संध्याकाळी येऊन बसता, टॅबात बघता, तिच्या गजाली करता." मग म्हातारा म्हणाला, "एक सांगूचा होता. तिका इतकी फिरवू नको. ढोपरां दुखतत तिची. उद्या आयतवार, उद्या तिका घरीच बसव."

सुशांत "हो" म्हणाला.

रविवारी लालबागच्या खोलीत त्याच्या बायकोने विचारलं, आज कुठे जायचं नाही का? तो नाही म्हणाला. मग त्याने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, खिडकीजवळच्या खुर्चीत नीट ठेवलं आणि पंखा लावला.